करपलेला मोहोर

"घ्या ना, अजून घ्या! आमच्या फरंगीसच्या हातचा बिहीचा मुरंबा आहे, माणकासारखा लाल!" पाहुण्यांपुढे बशी सरकवत सासू, बीबी, म्हणाली, आणि दाराआड चहाचे पेले पुसणाऱ्या थोरल्या सुनेच्या, गुलअंदामच्या काळजावरून जणू सुरी फिरली...

फरंगीसच्या हातचा! आणि ती सफरचंदासारखी, पिवळी-तुरट फळं? अठरा वर्षांपूर्वी या घरात आल्यापासून परसातल्या त्या सहा झाडांची छाटणी कुणी केली? अळी लागू नये म्हणून एकेका फळाला कागदी पिशवी कुणी बांधली? आपल्या रित्या कुशीची सारी माया तिने त्या झाडांवर ओतली होती. पण सासूच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द... कधीच नाही! धाकटी जाऊ फरंगीस आली, तिला मुलगी झाली, तेव्हा मात्र बीबीने मुरंब्याची कृती मोठ्या प्रेमाने तिच्या स्वाधीन केली, आणि नातीच्या, रैहानाच्या नावाने परसात सातवं झाड लावलं.

नवरोज, वसंतातलं नववर्ष, उलटून महिना झाला. बिही फुलली. एका सकाळी रैहानाच्या झाडाशी गुलअंदाम थबकली. एक शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकला होता, त्यावरची फुलं आगीत धरल्यासारखी काळी... करपा! वीत-दोन वीत खालून फांदी कापून जाळली, तर झाड वाचणार होतं. चाकू तिच्या खिशातच होता.

तिने तो बाहेर काढलाच नाही.

'वाळू दे! फरंगीसचंही काहीतरी एकदा वाळू दे!' मत्सराने तिचं अंतःकरण असं काही झाकोळून गेलं होतं की हा करपा आपल्या झाडांवरही पसरेल याचंही तिला भान उरलं नाही.

मधे दोन दिवस रिमझिम झाली. मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर फिरल्या. नवव्या दिवशी फरंगीस धावत आली.

"ताई, रैहानाचं झाड पार काळं पडलंय हो! जुन्या सहांपैकी चारांवरही तसंच दिसतंय. तुम्ही हात लावलात की सगळं जगतं... वाचवाल ना?"

त्या भाबड्या विश्वासाने गुलअंदामचं हृदय विदीर्ण झालं.

"मी पाहिलं होतं, फरंगीस. आठ दिवसांपूर्वीच. गप्प राहिले... मुद्दाम!"

"माझ्या लेकीच्या झाडावर राग, ताई? का? मला लेक आहे म्हणून?"

"हो."

फरंगीस तोंडावर पदर दाबून आत निघून गेली. गुलअंदामने करवत उचलली. रैहानाचं झाड गेलं. मग तिची स्वतःची, अठरा वर्षं जपलेली चार झाडं! रोग पुढे जाऊ नये म्हणून प्रत्येक कापासरशी ती स्पिरिटने पातं पुसत होती आणि डोळ्यांतलं पाणी मात्र तसंच गळू देत होती. पाटाकडेची दोनच झाडं वाचली.

दुपारी कुणीतरी मागून फांदी ओढली. फरंगीस!

"बोलत नाहीये मी तुमच्याशी," ती फुरंगटून म्हणाली. "पण एवढं सगळं जाळापर्यंत एकट्या कशा नेणार आहात?"

संध्याकाळी गुलअंदाम ओसरीवर बसली, तेव्हा तिचे तळवे फोडांनी भरले होते. बीबी वाटी घेऊन आली. कोमट पाण्यात भिजवलेल्या बिहीच्या बियांचा बुळबुळीत लेप होता तिच्यात. तो सुनेच्या तळव्यांवर लावता लावता म्हातारी बोलू लागली.

"फरंगीसने सगळं सांगितलं मला. ती झाडं मी लावली होती गं... माझ्या हाताला नेहमी किडकीच फळं यायची. तू आलीस आणि पहिल्याच वर्षी फांद्या वाकल्या. सगळी गल्ली म्हणायला लागली, सुनेचा हात सासूपेक्षा गुणाचा! मला नाही सोसलं, पोरी. तुझं नाव मी ओठांवर येऊच दिलं नाही. तू आठ दिवस गप्प राहिलीस... मी अठरा वर्षं!"

"बीबी!" गुलअंदामने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि इतक्या वर्षांचं साचलेलं सारं रडून घेतलं.

"माझ्याही हाताला फोड आलेत म्हटलं," दारातून फरंगीसचा घोगरा आवाज आला. "कुणाचं लक्ष आहे का?"

गुलअंदामने डोळे पुसले, वाटी उचलली आणि जावेचा हात हातात घेतला. फरंगीसच्या डोळ्यांतला राग अजून गेला नव्हता... पण हात तिने मागे घेतला नाही.