जिवंतांच्या बाजूची मेणबत्ती

अणुभट्टीच्या स्फोटानंतर स्तारी वेर्बी हे गाव रिकामं केलं, त्याला उभी हयात लोटली. आता वर्षातून एकदा, ईस्टरनंतर, जुन्या माणसांना थडग्यांवर रंगीत अंडी ठेवायला आत सोडत. यंदा परवाना मिळाला तो नेमका ईस्टरनंतरच्या पहिल्या गुरुवारचा.

"आई, आज मेलेल्यांचा ईस्टर. आज चर्च त्यांचं असतं," याव्दोखाची सून सोलोमिया चर्चच्या फाटकातच अडून बसली.

"मग काय झालं? त्यातले निम्मे माझ्या लग्नात जेवून गेलेत," म्हणत याव्दोखा एकटीच आत गेली.

तिचा मुलगा, सोलोमियाचा नवरा लेव्को, युद्धात आघाडीवर बेपत्ता झाला होता. नव्या वस्तीतल्या पाद्र्यानं, "मेणबत्ती कुठल्या बाजूला लावू, जिवंतांच्या की मेलेल्यांच्या?" असं विचारलं आणि म्हातारीचं डोकंच फिरलं. लेव्कोचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला होता. मेणबत्ती इथंच लागणार, आणि जिवंतांच्या बाजूला, संत निकोलाच्या चित्रापुढे!

आत छत खचलेलं, जमिनीवर पालापाचोळा. वास मात्र ताज्या मेणाचा... तिनं वीतभर मेणबत्ती निकोलापुढे लावली, डोळे मिटून क्रुसाची खूण केली. डोळे उघडले तर समोर काहीच नव्हतं.

मेणबत्ती डावीकडे जळत होती. क्रूसाखालच्या बुटक्या मेजावर, मेलेल्यांच्या जागी.

याव्दोखानं ती उचलली, पुन्हा निकोलापुढे रोवली. नजर हलवायची नाही असं ठरवलं. मागे पाचोळा करकरला... ती क्षणभरच वळली. मेणबत्ती परत मेजावर.

"हरलाम्पी," ती दबक्या आवाजात मेलेल्या नवऱ्यावर खेकसली, "ही तुझीच खोड! जन्मभर थट्टा केलीस... पोराची नको रे."

कुणीतरी जवळच श्वास घेत होतं.

"पोराला नाही देत, जा!" तिनं फुंकर मारली, मेणबत्ती पोलक्यात खुपसली आणि बाहेर पडली.

बसमध्ये सोलोमियानं विचारलं, "लावलीत ना... जिवंतांकडे?"

"तर! दुसरीकडे कुठं लावणार?"

सोलोमिया हसली. किती महिन्यांनी हसली पोर! "गवत कापायच्या आत येतील बघा ते," म्हणाली आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली.

याव्दोखाच्या छातीशी ऊब लागत होती. तिनं हळूच पोलक्यात हात घातला. पोलकं कुठं जळलं नव्हतं, कापडावर डाग नव्हता. विझवलेली मेणबत्ती मात्र जळत जाऊन बोटाएवढी उरली होती.