चार सेकंद

मोशीच्या आमच्या रुग्णालयाशेजारी एक कारखाना आहे. शिफ्ट सुटताना त्याचा भोंगा वाजला की अतिदक्षता विभागाच्या काचा किंचित थरथरतात. त्या काचेलगतच्या खाटेवर उद्धवराव होते. चाकणच्या प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्रे ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागातले, निवृत्त सुपरवायझर. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी त्यांचं पोट फुगलं. आतड्यात अडथळा कुठेच नव्हता; मोठं आतडं नुसतंच थांबलं होतं, वायूने ताणलेलं, एक्स-रेत बारा सेंटिमीटर रुंद. उपाशी ठेवलं, नळी घातली, वेदनाशामकं बंद केली. दोन दिवस गेले. आणखी ताणलं तर ते फाटणार होतं.

शमीम सिस्टरनी बेंबीजवळच्या पेनच्या खुणेवर टेप धरला. "घेर एकशे सहा सेंटिमीटर, मॅडम. सकाळी एकशे दोन होतं."

मी स्टेथोस्कोप टेकवला. अशा पोटात बहुधा शांतता असते. इथे लोखंडावर लोखंड पडत होतं. खाड्. चार सेकंद. खाड्.

कानातून नळ्या काढल्या. खोलीत तसला आवाज नव्हता.

"ऐकलंत ना?" उद्धवराव छद्मी हसले. "दोनशे टनांची प्रेस आहे. माझ्या हाताखालचा धम्मपाल तिच्यातच गेला."

"बाबा, पुरे," त्यांची मुलगी मिनल म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "कालही म्हणालात, पोट उतरेल. प्रयोग चाललेत का तुमचे?"

"हात आत गेला तर प्रेस थांबावी म्हणून सेन्सर होता, तो सारखा मशीन थांबवायचा," उद्धवराव बोलतच राहिले. "टार्गेट होतं. मीच तो बायपास करून बंद पाडायला लावला. रजिस्टरात लिहिलं, सेन्सर चालू होता. तुम्हीही लिहाल, डॉक्टरबाई."

निओस्टिग्मीन द्यायचं ठरलं. त्याने आतडं आकसतं, पण हृदयही मंदावतं. म्हणून मॉनिटर लावला, उतारा म्हणून अॅट्रोपिन भरून हाताशी ठेवलं. उद्धवराव मॉनिटरची बोटावरची चिमटी मुद्दाम हलवत होते. अलार्म पुन्हा पुन्हा, विनाकारण, किंचाळत होता. मी तो बंद केला. मला ऐकायचं होतं.

"औषध चालू असताना, मॅडम?" शमीम सिस्टर थबकल्या.

"पाचच मिनिटं. तुम्ही बेडपॅन आणा."

औषध सावकाश दिलं. स्टेथोस्कोपची चकती पोटावर ठेवली.

खाड्. चार सेकंद. खाड्. मग सहा. मग नऊ.

माझ्या तळव्याखाली ते ताठर पोट सैलावलं. वायू सुटला.

"उतरतंय!" मिनल रडत म्हणाली.

प्रेस थांबली. डोळे मिटून मी ती शांतता ऐकत राहिले. किती वेळ, ठाऊक नाही.

"मॅडम!" दारातून सिस्टर ओरडल्या.

मॉनिटरच्या पडद्यावर सरळ रेघ होती.

अॅट्रोपिन दिलं. चाळीस मिनिटं छाती दाबली.

"मशीन ओरडलं का नाही?" मिनलने विचारलं. एकदाच.

केसपेपरवर मी लिहिलं : अलार्म चालू होता. सिस्टरनी ते वाचलं आणि नजर वळवली.

भोंगा वाजला. काचा थरथरून थांबल्या. मी स्टेथोस्कोप अखेरचा उद्धवरावांच्या पोटावर ठेवला. आत काहीच नव्हतं. सरळ उभी राहिले, तशी चकती लोंबकळत माझ्या पोटावर टेकली.

खाड्.

मी श्वास रोखून मोजू लागले. एक. दोन. तीन.