बिनचावीचं घड्याळ

हे घडलेलं आहे. कुंदाबाई सांगायच्या तेव्हा शपथबिपथ घेत नसत. म्हणायच्या, "देवाला कशाला मध्ये ओढू? माझ्या हाताला ते घड्याळ गरम लागलं, एवढं पुरे."

अंबरनाथ. साल एकोणीसशे बावन्न. मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागणीची वेळ.

पण आधी दिनानाथांचं सांगायला हवं.

कुंदाबाईंचे यजमान दिनानाथ कारखान्यात अधिकारी. त्यांचा इंग्रज साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा आपलं सोन्याचं घड्याळ त्यांना देऊन गेला. तिथून नाद लागला. शेजारी उल्हासनगरच्या छावणीत, लष्कराच्या जुन्या बराकींत, फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं राहायची. एके काळची पेढीवाली. सगळं गेलं तरी कुणाच्या मनगटावर एखादं भारी स्विस घड्याळ उरलेलं असायचं. दिनानाथ दर रविवारी सायकल काढायचे नि मनगटं बघत फिरायचे.

हो, मनगटं. माणसं नव्हे.

मखमल लावलेली पेटी त्यांनी मुद्दाम करून घेतली होती. घड्याळं घालायची नाहीत, नुसती पुसायची. कुंदाबाईंनी एकदा एक हातात घालून बघितलं तर म्हणाले, "काढ ते. घाम लागतो."

छावणीतल्या कॅम्प पाचमधल्या लोकूमलकडे बिनचावीचं घड्याळ होतं. हाताच्या हालचालीवर चालणारं. काढून ठेवलं की एक-दोन दिवसांत बंद. लोकूमल क्षयाने अंथरुणाला खिळलेला. हाताची काडी झालेली, पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही सैल. पण म्हणायचा, "जिवंत आहे तोवर काढणार नाही."

दिनानाथ थांबले.

दर रविवारी मोसंबी घेऊन जायचे. उशाशी बसायचे, सोलून भरवायचे. लोकूमल सकाळपासून दाराकडे डोळे लावून असायचा. त्याची बायको ईश्वरीबाई दिनानाथांना भाऊ मानायला लागली, कुंदाबाईंना 'अदी' म्हणायला लागली. अदी म्हणजे बहीण.

तो गेला तेव्हा सरणाची लाकडं दिनानाथांनीच आणली. तिरडी उचलण्याआधी ईश्वरीबाईने घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

ते नको म्हणाले नाहीत.

त्यालाही महिना उलटून गेला. त्या गुरुवारी कुंदाबाईंनी घटापुढे दिवा लावला. चांदीचा करंडा आणायला आतल्या खोलीत गेल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. दिनानाथ कारखान्यातून यायचे होते.

आणि ऐकू आलं...

टिक... टिक... टिक...

पेटीतून.

त्यांनी झाकण उघडलं. बाकी घड्याळं मुकी. चालत होतं ते लोकूमलचं.

उचललं...

गरम होतं. मागची बाजू ओलसर. घामाने होते तशी.

दिनानाथ पट्टे नेहमी सरळ पसरून ठेवायचे. हा पट्टा अडकवलेला होता.

शेवटच्या भोकात.

"तूच घातलं असशील," दिनानाथ आल्यावर म्हणाले. त्यांनी पेटीला कुलूप घातलं. तरी टिकटिक थांबेना.

रविवारी ते छावणीत गेले नाहीत. दुपारी पेटीपुढे बसून होते. मध्येच मान वळवून म्हणाले, "आलो."

"कुणाला म्हणालात?" कुंदाबाईंनी विचारलं.

"त्याने हाक मारली ना."

घरात दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कुंदाबाईंनी पेटीचं कुलूप काढलं, घड्याळ पदरात बांधलं आणि एकट्या कॅम्प पाचला गेल्या. सगळं सांगितलं. ईश्वरीबाई घाबरली नाही. तिने पट्ट्याच्या त्या भोकावरून बोट फिरवलं, घड्याळ कानाशी धरलं.

"तुम्हारे घर आते हैं?" ती म्हणाली. "मेरे पास तो एक बार भी नहीं आए, अदी."

तिने ते उशाशी ठेवलं. जागत बसायची.

तिच्याकडे ते बंद पडलं. पुन्हा चाललं नाही.

आणि इकडे पेटीत साहेबाचं सोन्याचं घड्याळ सुरू झालं. चावी न देता. मग त्याच्या शेजारचं. मग पलीकडचं. दिनानाथांनी पेटी रिकामी केली, मिळेल त्याला घड्याळं देऊन टाकली. तरी दर रविवारी दुपारी मोसंबी सोलून बसायचे. दोन वाट्यांत. समोरच्या रिकाम्या खुर्चीशी हळू आवाजात बोलायचे. थांबले की खुर्ची करकरायची. थांबायची त्यांना भीती वाटायची.

मेलेल्या माणसाने ती मैत्री खरी मानली होती.

उन्हाळ्यात एकदा ईश्वरीबाई चालत अंबरनाथला आली. पायरीवरच उभी राहिली. खूप वाळली होती.

"अदी, सच बता. अब भी आते हैं?"

दिनानाथ कारखान्यात होते. घरात कुणी नव्हतं.

"नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "आता येत नाहीत."

तेवढ्यात आतल्या खोलीत...

कुणीतरी खोकलं.

ईश्वरीबाईने डोक्यावरची ओढणी सारखी केली. आत बघितलं नाही. पाणीसुद्धा न पिता, आली तशी उन्हात चालत गेली.

"तिने ऐकलं की नाही," कुंदाबाई म्हणायच्या, "ते मला आजतागायत कळलं नाही."