सागाची सावली सरकली

"अमेरिकेतली झाडं म्हणे दहा देवळं एकावर एक ठेवावीत एवढी उंच!" बन्सीलाल म्हणाला.

"मग आपला साग काय एरंड आहे? मोजूच!" नवल उसळला.

दिवाळीच्या सुटीत तिघं भावंडं खांडबाऱ्याला मामांकडे आली होती. छबूने काठी रोवली. काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढता येते, हे ती शाळेत शिकली होती. भरदुपारी सागाच्या शेंड्याची सावली शेजारच्या म्हाताऱ्या भिकुबाईंच्या अंगणातल्या चुलीवर पडली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा मोजलं. काठीची सावली कालच्याएवढीच, शेंड्याची मात्र थेट दाराशी!

"काठी हलली असेल," बन्सी म्हणाला.

"काठी नाही रे, झाड कललंय! घरावर!" छबू ओरडली.

तिने खोडामागचा पाचोळा उकरला. खाली मुळं तोडलेली, घाव अगदी ताजे!

"ए कार्ट्यांनो! तंगड्या तोडीन!" लाकडाचा ठेकेदार जालमसिंग कुऱ्हाड घेऊन धावला. उभा साग तोडायची त्याला मनाई होती. आपोआप पडलेला मात्र त्याचाच.

मुलांनी पळत जाऊन मामांना आणि त्यांच्या गड्यांना आणलं. मामा गावचे पाटील. त्यांनी घराबाहेर यायला सांगितलं, पण भिकुबाई खराटा घेऊन दारात उभ्या!

"मन्हं घर शे हाई! मी जावाव नही!"

"शंभर वर्षं हलायचं नाही ते झाड!" मागून आलेला जालमसिंग गुरगुरला. "पाटील, या आगाऊ पोरीच्या एक कानाखाली वाजवा."

मामा घुटमळले. छबू मात्र गोड आवाजात म्हणाली,

"मग काका, भिकुआजींच्या घरात बसून चहा घ्या ना!"

"मला... घाई आहे."

"दोनच घोट! झाड तर पक्कं आहे ना?"

"बसा की, जालमसिंग," मामा त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाले.

तेवढ्यात वारा सुटला. पानं सळसळली मात्र, जालमसिंग कुऱ्हाड टाकून पळत सुटला!

"धरा त्याला!" मामा ओरडले. त्यांनी भिकुबाईंना खराट्यासकट उचललं आणि दूर नेलं. मागोमाग कडकड आवाज झाला. जमीन हादरली. घराच्या जागी नुसती धूळ!

गड्यांनी जालमसिंगला ओढत आणलं. भिकुबाईंनी खराटा त्याच्या नाकासमोर नाचवला.

"मन्हं घर दे!"

"देईल. याच सागाचं बांधून देईल," मामा करड्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी छबूला जवळ घेतलं. "शाबास, पोरी! आम्ही मोठी माणसं रोज याच झाडाखालून जात होतो गं."