सत्यभामाबाईची रेघ

भेकड बाई नाही मी. डोक्याले तारांची टोपी घालून मेंदूतली वीज मोजणं, हेच माहं काम. पण अमडापूरची ती दुपार आठवली, की अजून अंगावर काटा येते.

सत्यभामाबाईची वाचा आजारानं हळूहळू गेली होती. रातभर जागायची, कोपऱ्याकडं टक लावून पाहायची. मुलगा राम म्हणे, "तिले काहीच समजत नाही. उद्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवतो." मुलगी दीपमाला मात्र हटून बसलेली. "ताई, आईले सारं समजते. तुम्ही त्याले मोजून दाखवा!"

मीही काही कमी हट्टी नाही. रामले ओसरीत बसवलं, आम्ही तिघी आत. रीत सोपी असते. "गाय चारा खाते" म्हटलं, तर मशीनवरची रेघ शांत. "गाय खुर्ची खाते" म्हटलं, की समजणाऱ्याची रेघ उसळते. म्हणजे खोटं ऐकलं की उसळते, खरं ऐकलं की शांत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणून पाहा लागते.

उसळली! दर खेपेला उसळली. दीपमाला रडालेच लागली.

"थांब बाई, अजून पक्कं करू," मी म्हटलं. "खोलीत आपण तिघी आहोत."

रेघ उसळली. पुन्हा म्हटलं, पुन्हा उसळली.

"खोलीत चौघं आहेत..."

शांत.

कुठून तरी ओल्या राखेचा वास आला. "बाबा असतील का हो?" दीपमाला पुटपुटली. तिचे वडील भगवंतराव मागच्या साली वारले होते.

"भगवंतराव आले आहेत." उसळली. म्हणजे ते नव्हते.

"तो कोपऱ्यात आहे..." उसळली.

"दीपमालाजवळ आहे..." उसळली.

मी हळूच म्हटलं, "तो... माह्यामागं आहे."

रेघ शांत. कितीदाही म्हटलं, तरी शांत.

राम दारात आला. "मंग? समजते का तिले?"

समजते म्हटलं, तर माह्यामागं कोणी आहे हेही खरं मानणं आलं; मशीन बिघडली म्हटलं असतं, तर मी सुटली असती म्हणा. पण म्हातारी उद्या आश्रमात गेली असती. मागं वळून न पाहता मी म्हटलं, "समजते. सारं बरोबर समजते. तिले घरातून हलवू नका."

टोपी काढताना सत्यभामाबाईनं माह्या खांद्यामागं पाह्यलं, अन् डोळे मिटून घेतले.

रामनं माहं ऐकलं, म्हातारी घरीच राहिली. काल दीपमालाचा फोन आला होता. "ताई, तुम्ही गेल्यापासून आई निवांत झोपते हो. कोपऱ्याकडं पाहतच नाही."

"बरं झालं बाई," मी म्हटलं.

आता रातभर माह्या खोलीत ओल्या राखेचा वास येते, तुम्ही जाताना तो दिवा मालवू नका. राहू द्या.