एकच औषध, शंभर वेळा

टेबलाखालून आधी एक हात आला, मग वायर, मग तो.

"घाबरू नका... नेटवर्कवाला आहे. तुमचा सर्च मंद आहे ना, त्याचं खापर माझ्या वायरींवर फुटलंय."

"मग कोणावर फुटायला हवं?"

"तुमच्यावर! प्रोग्राम तुम्हीच लिहिलाय म्हणे."

असा आगाऊ माणूस मला आवडायचं काहीच कारण नव्हतं. आवडला, झालं.

आमच्या साइटवर समुद्रापलीकडच्या दवाखान्यांतले लोक औषधं शोधायचे. उत्तर यायला दीड सेकंद लागायचा. दोष प्रोग्रामचा की अंतराचा, हे आम्ही दोघांनी मोजायचं होतं. अंतराचा निघाला तर सर्व्हर तिकडे जाणार आणि ते सांभाळायला तोही... तीन वर्षं. मला आजारी बाबांना सोडून हलता येत नव्हतं.

मोजता मोजता 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

"तुझा प्रोग्राम फार विचार करतो गं."

"माझ्यावर गेलाय."

"म्हणजे तूही उत्तर द्यायला इतकाच वेळ लावणार?"

"आधी प्रश्न तर विचार—"

तो नुसताच हसला. विचारलं नाही.

मी जीव तोडून प्रोग्राम सुटसुटीत केला, नको त्या तपासण्या काढल्या. अर्धा सेकंद वाचला. उरलेला सेकंद समुद्र पुन्हा पुन्हा ओलांडण्यातच जात होता, तिथे माझं काही चालेना.

मग मी लबाडी केली. चाचणीत एकच औषध शंभर वेळा शोधलं. तोच प्रश्न पुन्हा आला की तिकडचाच संगणक साठवलेलं उत्तर देतो, समुद्र ओलांडावा लागत नाही. आकडा झकास आला.

त्याने चाचणीची यादी पाहिली. "शंभर वेळा तेच? इतकी कच्ची नाहीस तू."

"नाहीये."

"मग?"

"तू जाऊ नयेस म्हणून..." बोलले आणि रडूच फुटलं.

त्याने पहिल्यांदाच माझा हात धरला. "मलाही नाही जायचं गं. पण तिकडे पेशंटजवळ उभी असलेली नर्स प्रत्येक औषधापाशी ताटकळते... खरा आकडा तूच लिही. मी लिहिला तर तुला वाटेल, मला जायचंच होतं."

त्याने हात सोडला नाही, म्हणून मी खरा आकडा एका हाताने टाइप करून साहेबांना पाठवला. साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. उत्तम काम, दोघांचंही. त्याला रविवारी निघायचं होतं.