दोघी एकदम बोलू नका

दार लोटून घ्या आणि मोबाइल बंद करा. मधेच कुणाचा वाजला तर मी उठून जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत. ही गोष्ट माझ्या मित्राची आहे. खोलीतला आवाज कमी करून देणं हा त्याचा धंदा. नव्या खोलीत शिरला की खुर्चीवर टेकायच्या आधी तो एक टाळी वाजवायचा आणि ती किती वेळ घुमते ते ऐकायचा. म्हणून आमच्यात त्याचं नावच पडलं, टाळीवाला.

गेल्या नोव्हेंबरात एका बाईंनी त्याला घरी बोलावलं. बाई शाळेत शिकवायच्या. वडील थकलेले, दोन्ही कानांत मशीन. त्यांची खोली म्हणजे गुळगुळीत फरशी, मोठी काच आणि चार कोऱ्या भिंती. टाळीवाल्याने टाळी वाजवली, तर ती भांडं पडल्यासारखी खणखणत राहिली.

"मी बोलले की बाबा म्हणतात, दोघी एकदम बोलू नका," बाई म्हणाल्या. "घरात बाई म्हणजे मी एकटीच. दादाचं म्हणणं, बाबांना भ्रम होतो. शुक्रवारी सकाळी तो त्यांना वृद्धाश्रमात न्यायला येतोय. ते तिथं जगायचे नाहीत हो."

"भ्रम कसला? खोली घुमतेय. तुमचाच आवाज भिंतीवरून परत येतो आणि मशीन दोन्ही सारखेच मोठे करतं. दादांना म्हणावं, न्यायचं तर या भिंतींना न्या."

बाई खुदकन हसल्या. कितीतरी दिवसांनी हसत असाव्यात.

त्यांनी बाजारातून पातळ फोम आणून ठेवला होता. टाळीवाल्याने तो चिमटीत धरून पाहिला आणि बाजूला सारला. असला फोम चमच्यांची किणकिण तेवढी शोषतो, माणसाच्या बोलण्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याने रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, चार बोटं जाड गाद्या कापडात गुंडाळल्या आणि मागे थोडी पोकळी ठेवून भिंतींवर बसवल्या. फरशीवर जाड गालिचा घातला, काचेवर भरपूर चुण्यांचा पडदा लावला. काम आटोपेपर्यंत गुरुवारची रात्र झाली. साडेदहा वाजून गेले होते. त्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो टेबलावर ठेवला. कामाआधीची टाळी आणि नंतरची टाळी गिऱ्हाइकाला ऐकवायची, ही त्याची पद्धत. मग टाळी वाजवली. उशीवर थाप मारल्यासारखी ती जागच्या जागी विझली.

बाई वडिलांसमोर बसल्या. "बाबा, आता नीट ऐकू येतं?"

"वा! आता दोघींचं वेगवेगळं कळतंय," आजोबा खूश होऊन म्हणाले. "आधी ती बोलते. मग तू."

बाईंचा चेहरा पडला. टाळीवाल्याला तर हा स्वतःचा अपमानच वाटला. मागून येणाऱ्या आवाजावर त्याने आयुष्य काढलं होतं. आधी येणारा आवाज कुठून आणायचा?

"आजोबा, ती काय बोलते?"

"हेच. ही जे बोलते तेच. अक्षरन् अक्षर."

टाळीवाला आजोबांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. "टाळी ऐकू आली की बोट वर करा."

त्याने हात उचलले. हात अजून लांबच होते, तोच बोट वर गेलं. मग टाळी वाजली.

घाई केली असेल म्हाताऱ्याने. त्याने पुन्हा हात उचलले. पुन्हा बोट आधी.

तिसऱ्यांदा त्याने ठरवलं, वाजवायचीच नाही. हात खाली सोडून तो गप्प उभा राहिला.

बोट वर गेलं.

चुकले आजोबा! त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात समोर बसलेल्या बाईंना राहवलं नाही. "अहो, थांबलात का? वाजवा ना!" असं म्हणून त्यांनीच टाळी वाजवली.

आजोबांचं बोट तेव्हा खाली येत होतं.

नंतर कुणीच बोललं नाही. नव्या भिंती… गालिचा… पडदा… सगळं गप्प.

आणि आजोबा दचकले.

"अगं… ती एवढ्यानं का ओरडली?"

बाईंचे ओठसुद्धा हलले नव्हते.

"काय… काय म्हणून ओरडली, बाबा?"

"'बाबा' म्हणून."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. त्यांना कळलं होतं. टाळीवाल्यालाही कळलं होतं. आपण ओरडलोच नाही, तर काही होणार नाही… एवढीच आशा होती त्या बिचारीला.

आजोबांनी लेकीकडे बघितलं. मायेनं. "घाबरू नकोस. मी आहे ना…"

मान खाली गेली.

बाई थांबल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी थांबल्या. मग बोटं सैल झाली… आणि त्या ओरडल्या. टाळीवाल्याच्या गाद्यांनी तो आवाज असा गिळला की शेजाऱ्यांनाही कळलं नाही.

सकाळी दादा गाडी घेऊन आला, तेव्हा न्यायला कुणी उरलं नव्हतं.

टाळीवाल्याने धंदा सोडला. मोबाइल त्या रात्री टेबलावर चालूच राहिला होता. ते रेकॉर्डिंग मी या कानांनी ऐकलंय. शेवटी बाई ओरडल्या ना, तिथं काही नाही. नुसती शांतता. पण आजोबा "ती का ओरडली" असं विचारतात, त्याच्या जरासं आधी… कुणीच बोलत नसताना… एकदाच ऐकू येतं…

"बाबा!"

आवाज बाईंचाच.